एस्त्रेनार, अर्थात घडी मोडणे

सर्व संबंधितांना याद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भंडारा जिल्ह्यात स्पॅनिश भाषेचा पहिला आणि बहुधा शेवटचा शिरकाव जवाहरनगरच्या एका टाइप-टू क्वार्टरमध्ये, रविवारी, दुपारच्या चहाला झाला. शिरकावाच्या वेळी घरात चार माणसं हजर होती. जीवितहानी झाली नाही. एका नणंदेचा पिढीजात हक्क मात्र जबर जखमी झाला. ती नणंद म्हणजे माझी आई.

आता सविस्तर सांगते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझे वडील फॅक्टरीत, माझा मामाही फॅक्टरीत. आमचं क्वार्टर आणि मामाचं क्वार्टर यांच्यामध्ये दोन घरं आणि एक शेवग्याचं झाड. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणजे सगळं मला कळतं असं वाटायच्या वयात. मामा ड्रॉइंग ऑफिसात होता. दिवसभर सरळ रेषा ओढून ओढून त्याच्या डोक्यात काहीतरी वाकडं साचायचं, आणि ते संध्याकाळी रेडिओतून बाहेर निघायचं. शॉर्टवेव्हवर काटा फिरवता फिरवता त्याला एक स्टेशन सापडलं होतं. त्यावर दोन माणसं रोज कडाकडा भांडत. मामाला भाषा कळत नव्हती, पण भांडण आवडलं होतं. कशावरून भांडत आहेत हे कळल्याशिवाय त्याला जेवण गोड लागेना. ती भाषा स्पॅनिश आहे एवढा पत्ता लागल्यावर तो नागपूरला गेला आणि सीताबर्डीच्या फुटपाथवरून स्पॅनिश शिकवणारं एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन आला.

पुस्तकाची सुरुवातीची पानं गायब होती. त्या पानांत नमस्कार, आपलं नाव काय, कसे आहात, हे सगळं असावं. त्यामुळे मामाला स्पॅनिशमध्ये कुणाची विचारपूस करता येत नव्हती. एखादा स्पॅनिश माणूस चुकून आमच्या कॉलनीत उतरला असता, तर मामानं त्याला रामराम न करता थेट क्रियापद चालवून दाखवलं असतं. पुस्तक क्रियापदांपासूनच सुरू होत होतं. आणि हो, दोन वर्षांनी मामाला कळलं की ती दोन माणसं भांडत नव्हती. हवामान सांगत होती.

पण तोवर रविवारच्या चहाला क्रियापद हा रिवाज पडून गेला होता. आम्ही मायलेकी मामाकडे जायचो. मामी चहा गाळायची, मामा क्रियापद फोडायचा, आई त्याला हसायची आणि टोस्ट बुडवायची. आई मामाची मोठी बहीण. तिला मामा अजून चड्डीतलाच दिसायचा, त्यामुळे त्यानं कोणती भाषा बोलावी यावरही आपला हक्क आहे असं ती धरून चालायची.

या हक्कांतला मुख्य हक्क साड्यांचा होता. तो आधी समजावून सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल.

आमच्याकडे बाईनं नवीन साडी घेतली की तिची घडी स्वतः मोडायची नाही. एखाद्या सवाष्णीला ती आधी नेसायला द्यायची. तिनं नेसली, थोडं इकडंतिकडं फिरली, हळदीकुंकू लावून घेतलं, की घडी मोडली. मग साडी परत येते आणि मालकीण ती हक्कानं नेसते. जिच्या अंगावरून साडी गेली तिचा हातगुण साडीला लागतो. साडी टिकते, फाटत नाही, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी येते.

आता माझ्या मामीचा हातगुण क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत गाजलेला. तो कसा गाजला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेजारणीची पहिली साडी मामीनं नेसली आणि महिन्याभरात तिला माहेरून दुसरी आली, एवढ्यावरून बहुतेक झालं असावं. पोळा आला, दिवाळी आली, कुणाचं लग्न निघालं, की मामीच्या दाराशी बायका पिशव्या घेऊन उभ्या. मामी साडी नेसायची, नळापर्यंत जायची, परत यायची, सोडायची, पुढची नेसायची. दिवाळीच्या आदल्या दिवशी तर तिला स्वैपाक करायला फुरसत नसे. नळावर पाणी भरणाऱ्या बाप्यांना वाटे, या घरच्या बाईकडे साड्यांचं दुकान आहे. कॉलनीत सगळ्यांत जास्त कोऱ्या साड्या अंगाला लागलेली बाई म्हणजे माझी मामी.

आणि तिच्या स्वतःच्या पेटीत तिनं स्वतः घडी मोडलेली एकही साडी नव्हती. कारण तिच्या साडीची घडी मोडायचा मान नणंदेचा. आमच्या घराण्याचा तसा नेमच होता, आणि तो नेम पाळायला आई जातीनं हजर असायची. मामी दुसऱ्यांची घडी नळापर्यंत मोडायची. आई मोडायची ती अड्याळपर्यंत. आमचं मूळ गाव अड्याळ. तिथं कुणाचं ना कुणाचं लग्न असायचंच. आई मामीची कोरी साडी नेसून लग्नाला जायची, दोन दिवस मिरवायची, आणि परत करायची तेव्हा साडीला अत्तराचा वास, पदराला हळद आणि निऱ्यांवर वांग्याच्या भाजीची तर्री. वर मामीला सांगायची, की सगळ्यांनी विचारलं, कोणाची साडी, कोणाची साडी. मामी हसायची आणि साडी भिजत घालायची.

असा सगळा थाट असताना तो रविवार उगवला.

मामानं चष्मा पुसला, घसा साफ केला आणि सांगितलं की आज असं क्रियापद आहे, ज्याच्यापुढं इंग्रजानं हात टेकले. पुस्तक लिहिणाऱ्या इंग्रजाला त्याच्यासाठी एक शब्द सापडला नव्हता. त्यानं अख्खं वाक्य खर्ची घातलं होतं. क्रियापद होतं एस्त्रेनार. मामा ते म्हणताना 'त्रे'वर असा काही जोर द्यायचा की समोरच्या बशीतला चहा हलायचा.

एस्त्रेनार म्हणजे, कोणतीही वस्तू पहिल्यांदा वापरणं. नवे जोडे पायात घालून पहिल्यांदा रस्त्यावर निघालात, एस्त्रेनार. नव्या घरात राहायला गेलात, एस्त्रेनार. नाटकाचा पहिला प्रयोग केलात, तेही एस्त्रेनार. आणि मामानं इथं बोट वर केलं. दुकानदारानं सकाळी पहिलं गिऱ्हाईक केलं, तर त्यालाही त्याच क्रियापदाचं एक रूप.

"म्हणजे बोहनी," मी म्हणाले.

"म्हणजे घडी मोडणं," आई म्हणाली. "त्यात काय मोठं. ते तर मीच करून राहिली इतके वर्ष."

मामा खूश झाला. त्यानं पुढं त्या शब्दाचं मूळ सांगितलं. जुन्या रोमन लोकांत नवीन वर्ष लागलं की एकमेकांना शकुनाची भेट द्यायची पद्धत होती. देवीच्या राईतली डहाळी द्यायचे, मग खजूर, मध असं काही द्यायचे. वर्ष गोड जावं म्हणून. त्या भेटीला म्हणत स्त्रेना. त्या स्त्रेनापासून हे क्रियापद निघालं. आधी त्याचा अर्थ शकुनाचं काही देणं असाच होता, मग हळूहळू शकुनानं काही सुरू करणं असा झाला. मला हे सगळं तिथंच फार आवडलं. नंतर मी इतर पुस्तकांतही शोधलं, तर मामानं खोटं काही सांगितलेलं नव्हतं. तिकडे स्पेनात म्हणे वसंतातल्या एका सणाच्या रविवारी प्रत्येकानं अंगावर काहीतरी कोरं घालायलाच हवं, साडी नाही तर निदान पायमोजे तरी.

गाळणी पातेल्यावर आपटून मामीनं विचारलं,

"ते लोक आपली घडी आपण मोडतात, का दुसऱ्याले देतात?"

मामानं पुस्तक चाळलं. पुस्तकातली सगळी उदाहरणं वाचली. मी माझे जोडे एस्त्रेनार करतो. ती तिचा झगा एस्त्रेनार करते. ते त्यांचं घर एस्त्रेनार करतात. एकाही उदाहरणात कुणाची नणंद आलेली नव्हती.

"आपली आपणच मोडतात," मामा म्हणाला.

मामी म्हणाली, "अस्सं." एवढंच. पण त्या दिवशीचा चहा तिनं असा काही केला होता, की आईनं न मागता दुसरा कप घेतला, आणि तो पिता पिता निकाल दिला की म्हणूनच तिकडं लोकांची घरं टिकत नाहीत.

मग काय, शब्द कॉलनीत पसरला. मामा बाजारात वांगेवालीला विचारायचा, बाई, एस्त्रेनार झालं का? ती म्हणायची, ते नाही आणलं भाऊ, वांगे आहेत, भेदरं आहेत. मी नवीन पेन उघडला की मैत्रिणींना बोलावून एस्त्रेनार करायची. शेजारच्या काकूंनी नवीन कुकरची पहिली शिट्टी झाल्यावर खिडकीतून ओरडून सांगितलं की झालं बाप्पा एस्त्रेनार. मामी मात्र तो शब्द कधीच उच्चारायची नाही. तिनं तो कुठंतरी ठेवून दिला होता.

आणि गणपतीच्या दिवसांत मामीचे वडील आले.

मामीचं माहेर आंधळगाव. तिचे वडील कोष्टी, कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणायचे. जन्मभर कोशाच्या साड्या विणल्या, जन्मभर त्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यात बांधून दिल्या. लेकीच्या लग्नात तिला सुती लुगडंच दिलं होतं, कारण कोसा विणणाऱ्याच्या घरात कोसा थांबत नाही. म्हातारपणी त्यांच्या मनात आलं, की एक मागावरची लेकीसाठी उतरवावी. ती घेऊन ते एस.टी.नं आले. जुन्या धोतरात गुंडाळलेली साडी त्यांनी खाटेवर उघडली. पिकल्या धानाचा रंग. त्याला लालचुटूक करवती काठ, करवतीचे दात एकेक वेगळे मोजता येतील असे स्वच्छ. हातात घेतली तर हलकी, आणि चुरचुर वाजणारी.

म्हातारबुवांनी जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. विणणाऱ्याला साडी दोनच रूपांत दिसते, म्हणाले. मागावर ताणलेली आणि घडी घातलेली. मग ती जाते. कोणत्या बाईच्या अंगावर कशी बसली, पदर कसा पडला, चालताना काठ कसा दिसतो, ते त्याला कधीच दिसत नाही. एवढ्या साड्या विणल्या, अंगावर पाहिली एकही नाही.

"हे एक मले तुह्या अंगावर पाहाची आहे," ते मामीला म्हणाले. "परवा सकाळच्या गाडीनं जातो. तोवर नेसून दाखव."

मामीनं वडिलांकडे पाहिलं, मग साडीकडे, मग दाराकडे. दारात आई उभी होती.

आईला दुष्ट ठरवायचं असेल तर मी हे लिहिणं इथंच बंद करते. आई दुष्ट नव्हती. आईचा मनापासून विश्वास होता, की आपल्या अंगावरून गेल्याशिवाय त्या साडीला बरकत येणार नाही, आणि एवढी मोलाची साडी असताना आपण हयगय केली तर भावजयीचं नुकसान होईल. शिवाय योगही जुळून आला होता. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गणपतीत बायकांचं नाटक होतं. नाटक आईनं लिहिलं होतं, आईनंच बसवलं होतं आणि मुख्य काम आईचंच होतं. ती होती एका मोठ्या घरची कजाग मालकीणबाई. दुसऱ्या अंकात मालकीणबाईकडे हळदीकुंकू होतं, आणि त्यासाठी भारी साडी हवी होती. आईनं म्हातारबुवांना वाकून नमस्कार केला, साडीची तोंड भरून स्तुती केली, आणि उद्या स्टेजवर, अख्ख्या कॉलनीसमोर तिची घडी मोडते असं त्यांना वचन देऊन साडी आमच्या घरी घेऊन गेली.

म्हातारबुवा भले माणूस. लेकीच्या नणंदेला काय बोलणार? ते म्हणाले, हाव, बरोबर आहे. आणि खाटेवरचं रिकामं धोतर त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवलं.

नाटकात मामीचंही काम होतं हे सांगायचं राहिलं. ती मोलकरीण होती. ते काम कुणी घेईना म्हणून तिच्याकडे आलं होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी झाडू आणि बालटी घेऊन यायचं, शिव्या खायच्या, रडत जायचं. मोलकरीण खरी वाटावी म्हणून आईनं मामीचं एक जुनं पातळ घेऊन त्याला कात्रीनं आणखी दोन ठिकाणी फाडलं होतं.

रातोरात बातमी लाइनीत फिरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या अंगणात बायकांचं शिष्टमंडळ आलं. मला वाटलं, चला, मामीची बाजू घ्यायला कुणीतरी आलं. छे. त्यांचं म्हणणं असं होतं की मामीनं आजवर आमच्या सगळ्यांच्या घड्या मोडल्या, तिचे उपकार आहेत, तर आता तिच्या साडीची घडी मोडायचा मान आम्हाला द्या. आई म्हणाली, नणंद जिवंत आहे अजून. त्या म्हणाल्या, नणंद दरवेळी मोडते, एखादी वेळ आम्हीही मोडू. मग त्यांच्यातच लागली. आधी कुणी? जिची साडी मामीनं पहिल्यांदा मोडली तिनं, की जिच्या सगळ्यांत जास्त मोडल्या तिनं? एक म्हणाली, पाळीपाळीनं नेसू, प्रत्येकीनं नळापर्यंत जाऊन यायचं. मामीचे वडील शेवग्याखाली दातून करत होते. आपली साडी सत्यनारायणाच्या प्रसादासारखी दारोदार वाटली जाणार हे त्यांनी ऐकलं आणि तोंडातली काडी तशीच धरून ते बघत राहिले. मामी स्वैपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्या तिच्या भल्यासाठीच भांडत होत्या.

शेवटी मामा पुढं झाला. बायकोची बाजू सरळ घ्यायची तर ताईशी गाठ होती, म्हणून त्यानं आपलं पुस्तक आणलं. अंगणात उभं राहून त्यानं रोमन लोकांपासून सुरुवात केली. डहाळी, खजूर, मध, शकुन. भेट ज्याला दिली त्यानंच ती आधी वापरायची. बापानं दिलेली स्त्रेना लेकीनंच एस्त्रेनार करायची. फार सुंदर बोलला. बायका पदर सावरून ऐकत होत्या. बोलून झाल्यावर त्यानं ताईकडे आशेनं पाहिलं.

"रोमन लोकाईले नणंदा नोत्या काय?" आई म्हणाली.

मामानं पुस्तक पुढूनमागून चाळलं. नणंदा असल्याच तर सुरुवातीच्या गायब पानांत असतील. शिष्टमंडळ चहा पिऊन गेलं.

संध्याकाळ झाली. कॉलनीचा हॉल माणसांनी गच्च भरला. गणपती असो, जयंती असो, कुणाचा निरोप समारंभ असो, सगळं त्याच हॉलमध्ये व्हायचं, आणि बायकांचं नाटक म्हटल्यावर तर बाप्येमंडळी ड्यूटी बदलून आली होती. स्टेजमागच्या कॅरमच्या खोलीत आमची रंगपटाची व्यवस्था. मी प्रॉम्प्टर होते आणि कपड्यांची जबाबदारीही माझ्याकडेच होती. कोसा मीच पिशवीतून आणला होता आणि खिळ्याला हँगरवर टांगला होता. घडीच्या रेघांसकट तो लोंबत होता. खोलीत बल्ब एकच, पण त्या साडीमुळे तिथं आणखी एक बल्ब लागल्यासारखं वाटत होतं.

पहिला अंक सुरू झाला. स्टेजवर एकच खुर्ची, तिच्यात आई. साधं पातळ नेसून, पण बसली होती राणीसारखी. नाटकातल्या नवऱ्याला, नाटकातल्या सुनेला, नाटकातल्या दूधवाल्याला ती असं काही झोडपत होती, की प्रेक्षक टाळ्या देत होते. मी विंगेत वही घेऊन उभी, आणि मधूनमधून मागं कॅरमच्या खोलीत बघत होते.

मामी फाटकं पातळ नेसून कॅरमच्या टेबलापाशी उभी होती. हातात झाडू. तिनं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. तिसऱ्या रांगेत तिचे वडील, स्वच्छ टोपी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मागावर बसतात तसे, अगदी ताठ. मामी फटीपासून बाजूला झाली आणि मला जवळ बोलावलं.

"ताई साडी कवा नेसन?"

"दुसऱ्या अंकात."

"अन् माहं काम?"

"या अंकातच संपते न, मामी."

मामीनं झाडू टेबलावर ठेवला. कॅरमच्या सोंगट्या हलल्या. तिनं खिळ्यावरचा कोसा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पोरी, निऱ्या धर."

मी धरल्या. मागं जन्मदात्री आई, पुढं मामी, आणि मी खाली बसून निऱ्या धरतेय. इतका आनंद मला बी.ए. पास झाल्यावरही झाला नाही. कोरा कोसा फार अवघड असतो. तो ऐकत नाही. एक निरी बसवावी तर दुसरी सुटते, आणि सगळा वेळ चुरचुर वाजतो. आम्ही दोघी हसू दाबत होतो आणि दाबता दाबता निऱ्या परत सुटत होत्या. तेवढ्यात स्टेजवरून आईचा आवाज आला, कुठं मेली ही मोलकरीण? ही मामीच्या येण्याची खूण होती. मामीच्या पदराचा अजून पत्ता नव्हता.

आई थांबली. कुणी आलं नाही. मग तिनं आपल्या मनानं भरपाई सुरू केली. आधी तिनं मोलकरणीला शिव्या घातल्या. मग मोलकरणीच्या गावाला. मग आजकालच्या सगळ्याच मोलकरणींना. मग पाण्याच्या नळाला, जो दिवसातून एकदाच येतो, यावर हॉलमध्ये जोरदार टाळ्या पडल्या. मग फॅक्टरीच्या बसला, जी कधीच वेळेवर येत नाही, यावर तर बाप्ये उभे राहिले. आईला रंग चढला. पदर खांद्यावर टाकून मामी दारापाशी आली तेव्हा आई क्वार्टरच्या गळक्या छतांपर्यंत पोचली होती.

मामीनं एका हातात झाडू घेतला, दुसऱ्यात बालटी, आणि ती स्टेजवर गेली.

आधी पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मधल्या, मग मागं दाराशी शेंगदाणे खाणारे. मोलकरीण पिवळ्याधमक कोशात उभी होती. घडीच्या रेघा अंगभर चौकोन काढत होत्या, म्हणजे ही साडी आत्ता, या क्षणी मोडली आहे हे लाइनीतल्या प्रत्येक बाईला कळलं. हॉलभर एक लांबलचक श्वास आत ओढला गेला. मामीला अजून काहीच बोलायचं नव्हतं. तिचं पहिलं वाक्य आईच्या वाक्यानंतर होतं. ती नुसती चार पावलं चालली, जाताना एकदा, वळताना एकदा, आणि करवतीचा लाल काठ तिच्या पावलांभोवती असा फिरला की मी वही खाली केली. बालटी तिनं इतक्या नाजूकपणे टेकवली की जणू पूजेचं तबक.

तिसऱ्या रांगेत म्हातारबुवा उभे राहिले. टोपी काढली, परत घातली, आणि उभेच राहिले. त्यांच्यामागच्या लोकांना काही दिसेना, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

आणि आता आईचं वाक्य होतं. तिनंच लिहिलेलं, तालमीत सगळ्यांत जास्त हशा घेणारं. आलीस का महाराणी, भांडी काय तुझा बाप घासणार?

आईनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मी विंगेतून हळूच सांगितलं. आई मामीकडे बघत होती. मी जरा मोठ्यानं सांगितलं. आईची नजर मामीवरून तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे गेली आणि परत साडीवर आली. मी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि हॉल इतका शांत होता की 'तुझा बाप' हे शब्द मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेले. प्रॉम्प्टर म्हणून माझी ती शेवटची कामगिरी.

आई खुर्चीतून उठली. नाटकात कुठंही उठायचं नव्हतं. स्टेजवरची ती एकुलती एक खुर्ची तिनं स्वतःच्या पदरानं पुसली, जरा पुढं सरकवली, आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात मोलकरणीला म्हणाली,

"बसा न वहिनी, उभ्या काहून?"